पलीकडच्या गावची लेक



ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला भरते त्या बाईंनी उभ्या आयुष्यात कोर्टाच्या पायऱ्या झिजवल्या त्या दुसऱ्यांसाठी. आपल्या नात्यागोत्याची नसलेली, आपल्या जातीची नसलेली, कधी कधी आपल्याला न पटणारी बाईसुद्धा त्यांनी पक्षकार म्हणून स्वीकारली. त्यामुळे संघर्षग्रस्त प्रदेशातल्या स्त्रियांच्या हक्कांवर बोला, असे निमंत्रण आले तेव्हा मी मणिपूर निवडले. माझ्या आजच्या बोलण्याचा गाभा हाच आहे: आपली नसलेल्या बाईसाठी उभे राहणे.

सुरुवात दोन तारखांपासून करते. ३१ ऑक्टोबर २००० रोजी न्यूयॉर्कमध्ये संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेने १३२५ क्रमांकाचा ठराव संमत केला. युद्धात आणि सशस्त्र संघर्षात स्त्रियांवर काय गुदरते याची दखल घेणारा, शांततेच्या वाटाघाटीत स्त्रियांना जागा द्या असे सांगणारा तो सुरक्षा परिषदेचा पहिला ठराव. दोनच दिवसांनी, २ नोव्हेंबर २००० रोजी, इम्फाळच्या विमानतळाजवळ मालोम नावाच्या गावी बसथांब्यावर उभी असलेली दहा माणसे आसाम रायफल्सच्या गोळीबारात मेली. त्यांत बासष्ट वर्षांची एक बाई होती. लहानपणी राष्ट्रीय शौर्य पुरस्कार मिळवलेला एक अठरा वर्षांचा मुलगा होता. त्यानंतर काही दिवसांतच इरोम शर्मिला या अठ्ठावीस वर्षांच्या मुलीने अन्नपाणी सोडले. तिची मागणी एकच होती: सशस्त्र दल विशेषाधिकार कायदा रद्द करा.

न्यूयॉर्कचा ठराव मालोमपर्यंत पोहोचला नाही, आणि आजही पोहोचलेला नाही. देशात सशस्त्र संघर्ष आहे हेच आपले सरकार मान्य करत नाही. सरकारच्या लेखी तो कायदा-सुव्यवस्थेचा प्रश्न आहे, प्रदेश ‘अशांत’ आहे, एवढेच. ‘अशांत क्षेत्र’ हा मात्र कायद्यातला शब्द आहे आणि तो फार काम करतो. १९५८ च्या या कायद्याखाली एखादा प्रदेश अशांत ठरला की तिथे तैनात जवानांना कायदा मोडणाऱ्या माणसावर, त्याचा जीव जाईल इथपर्यंत, गोळी चालवण्याचा अधिकार मिळतो. हा अधिकार बिनसनदी अधिकाऱ्यापर्यंत, म्हणजे हवालदाराच्या दर्जापर्यंत, खाली उतरतो. वॉरंटशिवाय अटक करता येते, घरात शिरता येते. आणि कलम ६ म्हणते की या अधिकारात केलेल्या कृत्याबद्दल केंद्र सरकारच्या पूर्वमंजुरीशिवाय कुणावरही खटला भरता येणार नाही. १९८० पासून सगळे मणिपूर अशांत होते. म्हणजे त्या वर्षी जन्मलेली मुलगी चाळिशी गाठेपर्यंत बव्हंशी या कायद्याखाली जगली.

अशा जागी स्त्रियांचे हक्क मागणे म्हणजे नेमके काय करणे? सभा, मोर्चे, निवेदने हे तर आहेच. पण मणिपूरच्या बायकांनी जे केले ते आधी रस्त्यावर आणि रात्री केले. सत्तरच्या दशकात गावोगावच्या बायका दारूबंदीसाठी रात्री गस्त घालत. त्याला ‘निशाबंद’ म्हणत. १९८० च्या सुमारास लष्कराच्या झडत्या वाढल्या आणि त्याच बायका मशाली घेऊन पाड्यापाड्यावर पहारा देऊ लागल्या. त्यांना मैरा पायबी म्हणतात, मशाल धरणाऱ्या. रात्री जवानांची गाडी वस्तीत शिरली की एक बाई विजेच्या खांबावर दगड आपटायची. तो आवाज ऐकून दुसरी पुढच्या खांबावर आपटायची. काही मिनिटांत सगळी वस्ती जागी, बायका रस्त्यावर, आणि ज्याला उचलायला आले आहेत त्याच्या घराभोवती कडे. मुलाला न्यायचेच असेल तर कागदावर लिहून द्या, कुठे नेता ते सांगा, अशी त्यांची मागणी असायची. घटनेचे कलम २२ त्यांनी वाचले होते की नाही मला माहीत नाही. त्या ते रस्त्यावर अमलात आणत होत्या.

ही ताकद एकाएकी आलेली नव्हती. इम्फाळच्या इमा कैथेल बाजारात विक्रेत्या फक्त बायका, हजारोंनी बसतात. भाताचा, मासळीचा, कापडाचा व्यापार त्यांच्या हातात. १९०४ साली इंग्रज अधिकाऱ्याचे जळालेले घर पुन्हा बांधण्यासाठी पुरुषांना वेठीला धरण्याचा हुकूम निघाला, तेव्हा त्या बायका उठल्या. १९३९ साली पीक बुडालेले असताना व्यापारी तांदूळ राज्याबाहेर पाठवत होते. १२ डिसेंबरला बायकांनी दरबाराचा अध्यक्ष असलेल्या शार्प या इंग्रज अधिकाऱ्याला तारघरात नेले. महाराज तेव्हा नवद्वीपला होते. त्यांना तार करा, निर्यातबंदीचा हुकूम आल्याशिवाय आम्ही हलणार नाही, असे म्हणत त्यांनी त्याला तिथेच कोंडून धरले. आसाम रायफल्सने संगिनींनी बायकांना हटवले. मग त्यांनी वर्षाहून अधिक काळ स्वतःच्याच बाजारावर बहिष्कार घातला. भाकरीचा प्रश्न आणि अधिकाराचा प्रश्न त्यांच्यासाठी तेव्हापासून एकच होता. या लढ्याला तिथे नुपी लान म्हणतात आणि १२ डिसेंबर दरवर्षी पाळला जातो.

२००४ च्या जुलैबद्दल आपल्यापैकी बहुतेकांनी ऐकले असेल, तरी मला ते सांगितलेच पाहिजे. ११ जुलैला मध्यरात्रीनंतर आसाम रायफल्सच्या जवानांनी थांगजाम मनोरमा हिला तिच्या घरातून नेले. अटकेचा कागद घरच्यांच्या हातात दिला होता. अटक करताना बरोबर एकही महिला पोलीस नव्हती. काही तासांनी तिचे प्रेत सापडले. अंगावर गोळ्यांच्या जखमा होत्या, गुप्तांगावरही होत्या. ती अतिरेकी होती आणि पळून जात असताना मारली गेली, असे दलाचे म्हणणे. चार दिवसांनी, १५ जुलैला, बारा बायका कांगला किल्ल्याच्या फाटकासमोर आल्या. तिथे आसाम रायफल्सचा तळ होता. त्या चाळिशी-पन्नाशीच्या आणि त्याहून मोठ्या, मुलेबाळे-नातवंडे असलेल्या संसारी बायका होत्या. त्यांनी अंगावरची वस्त्रे उतरवली आणि सैन्याला उद्देशून लिहिलेला फलक धरला: आमच्यावर बलात्कार करा. आम्ही सगळ्या मनोरमाच्या आया आहोत, असे त्या ओरडत होत्या.

त्या एका दिवसाने पुष्कळ हलवले. ऑगस्टमध्ये इम्फाळ शहरातल्या सात विधानसभा मतदारसंघांतून विशेषाधिकार कायदा उठला. नोव्हेंबरमध्ये पंतप्रधान मनमोहन सिंग स्वतः आले आणि कांगला किल्ला राज्याच्या ताब्यात दिला गेला. न्यायमूर्ती जीवन रेड्डी यांच्या समितीने जून २००५ मध्ये कायदा रद्द करण्याची शिफारस केली. सरकारने तो अहवाल अधिकृतपणे प्रसिद्धही केला नाही. मनोरमाच्या मृत्यूची चौकशी करणाऱ्या उपेंद्र सिंह आयोगाचा अहवाल दहा वर्षे बंद राहिला. २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने तिच्या कुटुंबाला दहा लाख रुपये द्यायला सांगितले. किल्ला मिळाला, पैसे मिळाले. खटला मात्र उभा राहिला नाही.

इथे मला महाराष्ट्रात यायचे आहे, कारण धागा खरा आहे. २६ मार्च १९७२ रोजी देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर दोन पोलिसांनी लैंगिक अत्याचार केला. तेव्हा तो भाग चंद्रपूर जिल्ह्यात होता, आज गडचिरोलीत आहे. हे मथुरा प्रकरण. नागपूर खंडपीठाने पोलिसांना शिक्षा दिली, सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये त्यांना सोडले. अंगावर जखमा नाहीत, आरडाओरड नाही, म्हणजे तिची संमती असावी, असा तर्क. त्यावर १९७९ मध्ये उपेंद्र बक्षी, लतिका सरकार, वसुधा धागमवार आणि रघुनाथ केळकर या चार कायदेपंडितांनी सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहिले, मुंबईत बायका रस्त्यावर आल्या, आणि १९८३ मध्ये कायदा बदलला. कोठडीतल्या बलात्कारात बाईने ‘माझी संमती नव्हती’ असे सांगितले तर न्यायालयाने ते गृहीत धरावे, हे तत्त्व कायद्यात आले. ज्याच्या हाती सत्ता आहे त्याच्यासमोर बाईचे गप्प बसणे म्हणजे होकार नव्हे, हे देशाला एका मराठी मुलखातल्या आदिवासी मुलीने शिकवले.

पण हा कायदा मणिपूरच्या वर्दीपर्यंत जाऊन थांबतो. २०१३ साली न्यायमूर्ती वर्मा समितीने स्पष्ट सांगितले होते: वर्दीतल्या माणसाने केलेला लैंगिक अत्याचार हा साध्या फौजदारी कायद्याखाली यावा, त्याला मंजुरीची अट नको, आणि संघर्षाच्या प्रदेशांत स्त्रियांच्या सुरक्षेसाठी खास आयुक्त नेमावेत. त्याच वर्षी कायदा बदलला. सरकारी नोकरावर बलात्काराचा खटला भरायला मंजुरी लागणार नाही, असे फौजदारी प्रक्रिया संहितेत घातले. सशस्त्र दलाच्या माणसाने तैनातीच्या प्रदेशात केलेला बलात्कार हा गंभीर प्रकार म्हणून दंड संहितेत आला. आणि विशेषाधिकार कायद्याचे कलम ६ तसेच ठेवले. एका हाताने गुन्हा लिहिला, दुसऱ्या हाताने खटल्याच्या दाराला कुलूप लावले. माझ्या वकिली आयुष्यात कायद्यातली विसंगती पुष्कळ पाहिली; इतकी जाणूनबुजून ठेवलेली क्वचितच पाहिली.

कांगलासमोरच्या त्या निषेधाचा फोटो जगभर गेला. त्यानंतरचे एक काम मात्र फोटोत मावणारे नाही, आणि मला ते त्याच्याइतकेच मोठे वाटते. ज्यांचे नवरे चकमकीत मारले गेले असे दाखवले गेले, त्या तरुण विधवांनी २००९ साली संघटना बांधली. ‘अतिरेक्याची बायको’ हा शिक्का कपाळावर. सासरचे तुझ्यामुळे पोर गेले म्हणणार, शेजारी जपून बोलणार, पोलीस ठाण्यात नवऱ्याच्याच नावावर गुन्हा. या बायकांनी एकमेकींची घरे शोधली. प्रत्येकीकडून शवविच्छेदनाचा अहवाल, एफआयआरची प्रत, साक्षीदाराचे म्हणणे, शाळेचा दाखला, जे हाती लागेल ते गोळा केले. १९७९ ते २०१२ या काळातल्या १,५२८ मृत्यूंची यादी घेऊन २०१२ मध्ये त्या सर्वोच्च न्यायालयात उभ्या राहिल्या. न्यायालयाने संतोष हेगडे आयोग नेमला. आयोगाने नमुन्यादाखल सहा प्रकरणे तपासली. सहापैकी एकही चकमक खरी निघाली नाही. ८ जुलै २०१६ च्या निकालात न्यायमूर्ती लोकूर आणि लळीत यांनी म्हटले की सैन्यातल्या माणसाला गुन्ह्यातून सरसकट अभय असे काही नसते. पुढच्या वर्षी सीबीआयचे विशेष पथक नेमले गेले.

संघर्षाच्या प्रदेशात स्त्रीहक्काचे काम बहुतांशी असे कागदाचे असते. तारीख, वेळ, गाडीचा नंबर, डॉक्टरचा शेरा. आज निरुपयोगी वाटणारा कागद बारा वर्षांनी खंडपीठासमोर उघडतो. तरुण मुली मला विचारतात, आम्ही काय करू? मी सांगते, आधी नीट लिहून घ्यायला शिका.

आता अवघड भागाकडे येते.

इरोम शर्मिलाचे उपोषण सोळा वर्षे चालले. आत्महत्येच्या प्रयत्नाचे कलम लावून तिला अटक करायची, नाकातून नळीने अन्न घालायचे, वर्षाने सोडायचे, ती पुन्हा उपोषणाला बसली की पुन्हा पकडायचे. ९ ऑगस्ट २०१६ रोजी तिने उपोषण सोडले आणि राजकारणात उतरायचे ठरवले. लग्न करायचे आहे हेही सांगितले. तेव्हा तिला देवीच्या जागी बसवणारेच नाराज झाले. २०१७ च्या निवडणुकीत थौबल मतदारसंघात तिला नव्वद मते पडली. शेजारच्या नागालँडमध्ये नागा मदर्स असोसिएशनच्या बायकांनी १९९४ पासून ‘आता रक्त नको’ म्हणत भूमिगत गटांच्या तळांवर जाऊन मध्यस्थी केली. सगळ्यांनी त्यांना मान दिला. पण नगरपालिकांत ३३ टक्के जागा मागितल्या तेव्हा, २०१७ च्या आरंभी, कोहिमात नगरपालिकेची इमारत जाळली गेली, मुख्यमंत्र्यांना राजीनामा द्यावा लागला. त्या आरक्षणासह निवडणूक व्हायला जून २०२४ उजाडले. विधानसभेत पहिल्या दोन बायका निवडून आल्या त्या २०२३ मध्ये.

या गोष्टींतून मला एक दिसते. आई म्हणून आलेल्या बाईला समाज वाट देतो, जवानाची बंदूकही क्षणभर खाली होते. नागरिक म्हणून आलेल्या बाईला वाट मिळत नाही. आई मुलासाठी मागते तोवर ठीक. ती स्वतःसाठी, मतदार म्हणून, नगरसेविका म्हणून मागू लागली की ती परकी होते. आईपणाच्या या ताकदीला दुसरीही हद्द असते. आई ही कुणाची तरी आई असते. मणिपूरच्या खोऱ्यातली मैतेई आई मैतेई मुलांची, टेकड्यांतली कुकी आई कुकी मुलांची. गोळी सरकारकडून येते तोवर ही हद्द दिसत नाही. गोळी शेजारच्या टेकडीवरून येऊ लागली की दिसते.

३ मे २०२३ ला मणिपूर पेटले. अडीचशेहून अधिक माणसे मेली, साठ हजारांच्या आसपास बेघर झाली. खोऱ्यात मैतेई, टेकड्यांत कुकी-झो, मध्ये बंकर. ४ मे रोजी कांगपोक्पी जिल्ह्यात दोन कुकी बायकांची जमावाने विवस्त्र धिंड काढली. १८ मे रोजी सैकुल ठाण्यात शून्य क्रमांकाचा एफआयआर झाला. तो योग्य ठाण्यात जाऊन नोंदला जायला जून उलटत आला. पहिली अटक झाली ती चित्रफीत १९ जुलैला देशभर पसरल्यावर. अडीच महिने. कायद्याने नव्हे, एका मोबाइलने राज्याला जाग आणली, आणि त्या बायकांची अब्रू त्यासाठी दुसऱ्यांदा खर्ची पडली. ऑगस्टमध्ये चुराचांदपूरमधून पळालेल्या एका मैतेई बाईने तक्रार दिली की ३ मे रोजी तिच्यावर सामूहिक बलात्कार झाला. लाजेपोटी ती तीन महिने बोलली नव्हती. दोन्ही बाजूंनी मग एकच प्रश्न: तिचे खरे कशावरून? आपलीचे खरे, तिचे खोटे.

आणि मशालवाल्या? २४ जून २०२३ रोजी इथाम गावात बायका पुढे असलेल्या बाराशे ते पंधराशेच्या जमावाने सैन्याला वेढले आणि पकडलेल्या बारा सशस्त्र माणसांना सोडवून नेले. कुकी भागातही बायका रस्ते अडवत होत्या. एका तरुण कुकी मुलीने तक्रारीत आरोप केला की तिला बंदूकधाऱ्यांच्या हाती देणाऱ्यांत मैरा पायबी बायका होत्या. आरोप अजून सिद्ध व्हायचा आहे. पण खांबावर दगड आपटून परक्या मुलाला वाचवणाऱ्या परंपरेवर असा आरोप होऊ शकतो, याचेच मला अतोनात दुःख आहे. त्या बायकांना दुष्ट ठरवायला मी इथे आलेली नाही. त्यांच्याही वस्त्यांवर गोळ्या पडत होत्या, त्यांचीही मुले बेपत्ता होती. नोव्हेंबर २०२४ मध्ये जिरीबामला आधी कुकी-झो समूहातल्या एका हमार बाईला मारून जाळले आणि काही दिवसांत सहा मैतेई बायका-मुलांना पळवून ठार केले. त्या सहांतली तीन लेकरे होती. सुडाच्या या हिशेबात दोन्ही रकाने बायकांच्या देहांनी भरले गेले.

हे काम कुंपणापलीकडे नेता येते का? येते, याचे उदाहरण आहे. उत्तर आयर्लंडमध्ये कॅथलिक आणि प्रोटेस्टंट तीस वर्षे एकमेकांना मारत होते. १९९६ मध्ये वाटाघाटीसाठी प्रतिनिधी निवडायचे ठरले तेव्हा मोनिका मॅकविल्यम्स आणि पर्ल सेगर या दोघींनी, एक कॅथलिक, एक प्रोटेस्टंट, काही आठवड्यांत बायकांचा पक्ष उभा केला. एक टक्का मते मिळाली, दोन जागा मिळाल्या. पुरुष पुढाऱ्यांनी त्यांना भर सभेत हिणवले. १९९८ च्या करारात स्त्रियांच्या राजकीय सहभागाचा हक्क आणि पीडितांचा प्रश्न आला तो त्यांच्या चिकाटीने. देश कुणाचा, यावर त्या पक्षातल्या बायकांचे एकमत नव्हते, आणि त्यांनी ते होण्याची वाटही पाहिली नाही.

मणिपूरमध्ये हे बळ लगेच उगवेल असे मी म्हणणार नाही. तिथल्या दोन्ही बाजूंच्या ज्या बायका आज पलीकडच्या बाईशी फोनवर बोलतात, त्यांना आपल्याच वस्तीत फितूर म्हटले जाते. त्यांची नावे मी व्यासपीठावरून घेणार नाही. अशा वेळी बाहेरच्या संस्थांची गरज असते, ज्यांना टेकडी नाही आणि खोरेही नाही. सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२३ मध्ये तीन निवृत्त महिला न्यायाधीशांची समिती नेमली: गीता मित्तल, शालिनी जोशी आणि आशा मेनन. त्यांतल्या शालिनी जोशी आपल्या मुंबई उच्च न्यायालयाच्या. तपासावर देखरेखीला महाराष्ट्राचे माजी पोलीस महासंचालक दत्तात्रय पडसलगीकर. समितीने पहिल्यांदा सांगितले ते अगदी साधे होते: घरे जळालेल्यांचे ओळखीचे कागद पुन्हा द्या, भरपाईची योजना सुधारा. कागद नाही तर रेशन नाही, खाते नाही, साक्ष नाही. सीबीआयकडचे खटले गुवाहाटीला हलवले, कारण कुकी बाई इम्फाळच्या कोर्टात पाय ठेवू शकत नव्हती. एका राज्यात दोन जमातींना समान कोर्ट उरू नये, ही वस्तुस्थिती आपण नीट ऐकली पाहिजे.

मणिपूर दूर आहे, असे इथून वाटते. १९७२ मध्ये देसाईगंजही मुंबई-पुण्यापासून दूरच होते. चार माणसांनी पत्र लिहिले म्हणून ते जवळ आले. त्यांतले कुणी गडचिरोलीचे नव्हते, कुणी आदिवासी नव्हते.

तेव्हा एक काम मी तुमच्यावर सोपवते. विशेषाधिकार कायदा संपूर्ण रद्द व्हावा, हे माझे मत आहे. तुम्हाला ते पटले नाही तरी चालेल. पण कलम ६ मध्ये एक वाक्य घालण्यासाठी ते मत लागत नाही: लैंगिक गुन्ह्यांच्या खटल्याला केंद्राच्या मंजुरीची गरज राहणार नाही. वर्मा समितीने २०१३ मध्ये हेच मागितले होते. तुमच्या मतदारसंघाच्या खासदाराला, मग तो कुठल्याही पक्षाचा असो, या एका वाक्यासाठी लेखी पत्र द्या, पोच घ्या, आणि अधिवेशन संपल्यावर पुन्हा विचारा. पत्रात मैतेई, कुकी, नागा असा उल्लेख करू नका. ‘बाई’ एवढेच लिहा.